फुटक्या खापराचे मोल

आपल्या बोलीत खापराला फारसा मान नाही. दोष दुसऱ्यावर ढकलला, की त्याच्या माथी खापर फोडले असे म्हणतात. माठ फुटला की त्याचे तुकडे उकिरड्यावर नाही तर बांधावर जातात. फार तर एखादे मोठे खापर कोंबड्यांना पाणी पाजायला उरते. पण मातीचे काम जाणणाऱ्याच्या लेखी फुटके खापर टाकाऊ नाही. ते कुटून, चाळून कच्च्या मातीत मिसळले तर नवे भांडे सुकताना सहसा तडकत नाही आणि भट्टीत फुटण्याची भीतीही कमी होते. शिवाय पुडीचा रंग मातीहून वेगळा असला, तर भांड्याच्या अंगावर टिटवीच्या अंड्यासारखे ठिपके उमटतात.

भाजलेल्या मातीच्या या भरड पुडीला कारखान्यात 'ग्रॉग' म्हणतात. भट्टीच्या आतल्या विटा करणारे, मातीच्या मोठ्या मूर्ती घडवणारे आणि शहरातले हौशी कुंभार ती नेहमी वापरतात. आपल्या खेड्यातल्या कुंभाराला आणि घरच्या घरी चूल किंवा कुंडी करणाऱ्या बायाबापड्यांनाही ती तितकीच उपयोगी आहे. तिला लागणारा माल गावात फुकट पडलेला असतो.

रानाच्या भेगा आणि मडक्याचा तडा

चैत्र-वैशाखात आपल्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात हीच माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात पाणी गेले की आक्रसते. मातीचे कण फार बारीक आणि पापुद्र्यासारखे असतात. दोन पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते दूर होतात, पाणी उडाले की जवळ येतात. रानात जे होते तेच मडक्यात होते. ओले मडके सुकताना लहान होते. काठ लवकर सुकतो, बूड ओले राहते. काठ आक्रसू पाहतो, बूड त्याला धरून ठेवते. या ओढाताणीत जिथे माती कच्ची, तिथे तडा जातो.

आता त्याच मातीत खापराची पूड घातली तर काय होते ते पाहा. खापर एकदा आगीतून जाऊन आलेले असते. त्याचे आक्रसायचे ते आक्रसून झालेले असते. ते पुन्हा पाण्याने फुगत नाही की सुकून लहान होत नाही. चिखलात ते कण अंगातल्या हाडांसारखे उभे राहतात. भांडे एकूण कमी आक्रसते. शिवाय कणाभोवती बारीक वाटा राहतात. त्यातून आतले पाणी सावकाश बाहेर येते आणि भट्टी पेटल्यावर वाफेलाही वाट मिळते. वाफेला वाट नसेल तर ती भांड्याचा टवका उडवून बाहेर पडते. भट्टी पेटल्यावर सुरुवातीलाच 'फट्' असा आवाज आला, की त्याचे कारण बहुतेक हेच असते.

वाळू घातली तर चालत नाही का? चालते, आणि पुष्कळ ठिकाणी घालतातही. पण वाळूत गारगोटीचे कण असतात. ते सुमारे ५७३ अंश सेल्सिअसला एकाएकी फुगतात आणि निवताना तसेच एकाएकी आक्रसतात. त्या वेळी भांड्याला ताण बसतो. खापराची पूड मुळात मातीच असल्याने ती भांड्याबरोबरच तापते आणि भांड्याबरोबरच निवते.

जुन्या लोकांची युक्ती

मातीत काहीतरी मिसळावे लागते, हे ज्ञान नवे नाही. आपले कुंभार पिढ्यान्‌पिढ्या गाळात गाढवाची किंवा घोड्याची लीद आणि चुलीतली राख मिसळत आले आहेत. कुठे भाताचे तूस, कुठे बारीक वाळू. लीद आणि तूस भट्टीत जळून जातात आणि त्यांच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. म्हणूनच माठ पाझरतो आणि पाणी गार होते. खापराची पूड मात्र जळत नाही. ती जिथल्या तिथे राहते आणि भांड्याला आधार देते. दोन्हींची कामे वेगळी. एकीने दुसरीची जागा घ्यावी असे नाही, जोडीने वापरता येतात.

गोदावरी, प्रवरा, घोड या नद्यांच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वी आपल्यासारखीच शेतकरी माणसे राहत होती. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ साली उत्खनन झाले आणि तिथल्या खापरांवरून त्या काळाला जोर्वे संस्कृती हे नाव पडले. पुढे शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे १९६८ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजने बारा वर्षांहून अधिक काळ उत्खनन केले. या लोकांची पाणी पिण्याची तांबडी भांडी पातळ, नीट भाजलेली, वर काळी नक्षी काढलेली. धान्याचे रांजण आणि स्वयंपाकाची भांडी मात्र जाड आणि भरड मातीची. भांडे कशासाठी, यावर माती कशी हे ठरते, हा हिशेब त्यांनाही पक्का ठाऊक होता.

आपल्याकडचे दुसरे उदाहरण म्हणजे सुरखी. भाजलेली वीट कुटून केलेली बारीक पूड चुन्यात घालून जुने वाडे, बारवा आणि हौद बांधले गेले. इथे पुडीचे काम निराळे. बारीक सुरखी चुन्याशी एकजीव होते आणि तो चुना ओलाव्यातही घट्ट होतो. संभाजीनगरात मलिक अंबरने सतराव्या शतकात आणलेल्या नहरीचे पाणी आणि पुढच्या काळातल्या पाणचक्कीचे पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून खेळवले होते. माती नीट भाजली आणि नीट जोडली तर ती किती टिकते, याचा पुरावा त्या शहराच्या जमिनीखाली आहे.

पुंडलिकनगरची वीट

पुंडलिकाचे नाव निघाले की वीट आठवते. आईबापांची सेवा करता करता भक्त पुंडलिकाने मागे वीट भिरकावली आणि पांडुरंग तिच्यावर उभा राहिला, ही कथा घरोघर माहीत आहे. छत्रपती संभाजीनगरात गारखेडा परिसरात पुंडलिकनगर नावाची दाट वस्ती आहे. शहरातल्या अशा वाढत्या वस्त्यांत एकीकडे जुनी भिंत पडते आणि दुसरीकडे नवी उभी राहते. पडलेल्या भिंतीच्या विटांचे तुकडे गाडीभर भाडे देऊन कुठेतरी नेऊन टाकतात. त्यातल्या तांबड्या, नीट भाजलेल्या विटेचे दोन घमेली तुकडे म्हणजे कुंभाराला वर्षभर पुरेल एवढा माल.

अशाच वस्त्यांत आता नवे गिऱ्हाइकही तयार झाले आहे. घरापुढे अंगण नाही म्हणून लोक गच्चीवर, जिन्यात, खिडकीत कुंड्या ठेवतात. फ्रिज आला तसे माठाचे गिऱ्हाईक कमी झाले आणि प्लॅस्टिकने घागरीची जागा घेतली. संक्रांतीची सुगडी, अक्षय्यतृतीयेची घागर, नवरात्राचा घट आणि दिवाळीच्या पणत्या एवढ्यावर कुंभाराचे वर्ष निघत नाही. पण ठिपक्यांची, जरा खडबडीत अंगाची, हाताने घडवलेली कुंडी शहरातला माणूस आवडीने घेतो. शहराच्या आसपासच्या गावांतल्या कारागिरांनी या गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे.

कोणत्या खापराचा कोणता रंग

सर्वांत सोपा रंग तांबडा. जुने माठ, विटा आणि मंगळुरी कौले यांची पूड तांबडी निघते. मातीतले लोह भट्टीत भरपूर हवा मिळाली की तांबडे होते. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि तसली कौले पुढे आपल्या घरांवरही चढली. पत्रा आणि स्लॅब आल्यावर ती उतरली. ही कौले चांगली भाजलेली असतात, म्हणून त्यांची पूड कठीण आणि एकसारखी होते.

पांढऱ्या ठिपक्यांसाठी चिनी मातीच्या फुटक्या कपबशीचे तुकडे वापरता येतात. तांबड्या कुंडीवर ते कण्यांसारखे शोभतात. मात्र हे तुकडे काचेइतकेच धारदार असतात, म्हणून ते अगदी बारीक करावेत आणि फक्त शोभेच्या वस्तूत घालावेत.

काळ्या रंगाच्या बाबतीत पुष्कळ जण फसतात. काळ्या माठाची पूड केली की काळे ठिपके मिळतील असे वाटते. पण काळा माठ काळा होतो तो भट्टीत धूर कोंडल्यामुळे. तीच पूड मोकळ्या हवेच्या भट्टीत पुन्हा भाजली की धुराचा काळेपणा जळून जातो आणि कण तांबडे होतात. टिकाऊ काळा ठिपका हवा असेल तर वीटभट्टीत आगीजवळ राहून अति भाजलेली, काळसर-जांभळी पडलेली, काचेसारखी झालेली वीट घ्यावी. वीटभट्टीवाला अशा विटा वेगळ्या टाकतो, कारण बांधकामाला त्या कोणी घेत नाही. कुटायला कठीण, पण रंग सहसा जात नाही.

पिवळ्या रंगाचेही तसेच आहे. पिवळी काव मातीत कालवून भाजली तर ती पिवळी राहत नाही, तांबडी होते. म्हणून कोणताही नवा रंग भांड्यात घालण्याआधी त्याची चिमूटभर पूड एका पणतीत लावून भाजून पाहावी.

पूड कशी करावी

आधी खापरे धुऊन वाळवावीत. विटेला चुना, सिमेंट किंवा गिलावा चिकटलेला असेल तर तो भाग तोडून टाकावा. करड्या रंगाच्या सिमेंटच्या किंवा राखेच्या विटा घेऊ नयेत. त्या मातीच्या नसतात आणि आगीत त्यांचा भुगा होतो.

मग खापरे जाड गोणपाटात गुंडाळून हातोड्याने फोडावीत. नंतर दगडावर पाणी शिंपडत कुटावीत. कोरडे कुटू नये, कारण ही धूळ फुप्फुसांना वाईट. तिच्यात गारगोटीचा बारीक अंश असतो आणि वर्षानुवर्षे ती श्वासावाटे गेली तर सिलिकोसिस नावाचा न बरा होणारा आजार जडतो. दगडखाणीतल्या कामगारांना होतो तोच हा आजार. नाकातोंडावर ओला फडका बांधावा, उघड्यावर बसावे, वाऱ्याच्या दिशेला पाठ करावी आणि लेकरांना जवळ बसवू नये. घरातले उखळ, पाटा-वरवंटा किंवा पिठाची गिरणी या कामाला कधीही वापरू नये.

कुटलेली पूड ओली असेल तर सुकू द्यावी आणि सावकाश, धूळ न उडवता तीन चाळण्यांतून काढावी. या चाळण्या निराळ्या ठेवाव्यात, स्वयंपाकाला परत घेऊ नयेत. पहिली रव्याएवढी बारीक, दुसरी मोहरीएवढी, तिसरी ज्वारीएवढी. तिन्ही वेगवेगळ्या डब्यांत भरून वर रंग आणि माप लिहून ठेवावे. रव्याएवढी पूड चाकावरच्या कामाला, मोहरीएवढी हाताने थापलेल्या कुंडीला आणि ज्वारीएवढी चूल, तंदूर किंवा जाड फरशीला योग्य. भरड पूड चाकावर घेतली तर बोटांची साले निघतात आणि थापटण्याने माठ ठोकताना पातळ अंग फाटते.

चुन्याचा दगाबाज खडा

मराठवाड्याच्या जमिनीत चुनखडीचे खडे जागोजाग सापडतात. ते मातीत किंवा विटेच्या पुडीत राहिले तर मोठा घात करतात. सुमारे आठशे-साडेआठशे अंशांच्या आगीत चुनखडीचा कळीचा चुना होतो. भांडे भट्टीतून उत्तम निघते. पण पुढे हवेतला ओलावा लागला की तो चुना फुगतो आणि काही दिवसांनी भांड्याच्या अंगावरून रुपयाएवढा टवका उडतो. आत पाहिले तर पांढरा ठिपका दिसतो. भांडे विकल्यानंतर हे घडले तर गिऱ्हाईक तुटते.

याची पारख सोपी आहे. चमचाभर पुडीवर लिंबू पिळावे किंवा व्हिनेगर टाकावे. बुडबुडे आले तर पुडीत चुना आहे असे समजून ती बाजूला ठेवावी. शिवाय पहिल्या भाजणीतली एक लहान थापी आठ दिवस पाण्यात ठेवून पाहावी. टवका उडायचा असेल तर तो बहुतेक तेव्हाच उडतो.

किती मिसळावी

आंधळेपणाने मिसळू नये, मोजून मिसळावी. दहा किलो कोरड्या मातीला अर्धा ते एक किलो बारीक पूड माठासाठी, दीड ते अडीच किलो मध्यम पूड कुंडीसाठी आणि तीन ते चार किलो भरड पूड चुलीसाठी, असे धरून सुरुवात करावी. प्रत्येक गावची माती निराळी, म्हणून शेवटचे माप आपल्याच मातीवरून ठरवावे.

त्यासाठी एक पट्टीची परीक्षा आहे. मळलेल्या मातीच्या बोटभर जाडीच्या चार पट्ट्या कराव्यात. पहिलीत पूड नाही, दुसरीत थोडी, तिसरीत अधिक, चौथीत सर्वांत जास्त. प्रत्येकीवर ओली असतानाच सुरीने बरोबर दहा सेंटिमीटरच्या अंतरावर दोन खुणा कराव्यात. सावलीत पूर्ण सुकल्यावर अंतर पुन्हा मोजावे. नऊ सेंटिमीटर भरले तर माती शेकडा दहा आक्रसली, साडेनऊ भरले तर शेकडा पाच. मग पट्ट्या भाजून हाताने मोडून पाहाव्यात. जी कमी आक्रसली आणि तरी हाताने सहज मोडत नाही, तिचे माप आपले. पूड फार झाली तर माती चिवटपणा सोडते, कडा तुटतात आणि माठ गळू लागतो. भाकरीच्या पिठात भरडा जास्त झाला की भाकरी थापताना फाटते, तसेच हे.

पूड मिसळण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवावी. कोरडी पूड मातीतले पाणी शोषून घेते आणि चिखल गुठळ्यांचा होतो. भिजवलेली पूड मातीवर पसरून, घडी घालून, पायाने तुडवून पुन्हा हाताने मळावी. नंतर ओल्या गोणपाटाखाली चार-आठ दिवस मुरू द्यावी.

ठिपके वर कसे आणावेत

एवढे करूनही भांडे पूर्ण झाल्यावर ठिपके दिसत नाहीत, अशी तक्रार असते. कारण चाकावर ओल्या हाताने काम करताना बारीक मातीचा पातळ थर वर येतो आणि कणांना झाकतो. भांडे अर्धे सुकून चिवट झाले की त्याचे अंग पत्र्याच्या धारेने हलके खरवडावे, नाही तर पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसावे. वरची माती निघते आणि कण उघडे होतात. खरवडताना भरड कण निसटून बारीक ओरखडे पडतात. त्याने अंग खडबडीत होते आणि ते शोभतेही. गुळगुळीत ठिपके हवे असतील तर भाजल्यानंतर पाण्याखाली खरखरीत दगडाने घासावे.

गेरू किंवा काव लावून वर दुसरा रंग दिला तर ठिपके पुन्हा झाकले जातात, हे विसरू नये. भट्टीत भांडी नीट मोकळी रचावीत आणि पहिले दोन-तीन तास आग मंद ठेवावी. पुडीसाठी घेतलेले खापर निदान आपल्या भट्टीइतके तरी भाजलेले असावे. कच्चे भाजलेले खापर पुन्हा आक्रसते आणि सगळा हेतूच फसतो.

तेरचे संत गोरोबाकाका थापटण्याने संतांची डोकी ठोकून कच्चे-पक्के मडके ओळखत, अशी कथा आहे. आपणही माठ घेताना बोटाने वाजवून पाहतो. भरड पूड घातलेल्या कुंडीचा आवाज माठाइतका खणखणीत नसतो, थोडा बद्द येतो. तेवढ्यावरून तिला कच्ची म्हणू नये.

पांढरीची खापरे दळू नका

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. आपण रानाला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतो. पुष्कळ गावांत नदीकाठी जुन्या पांढरीचे टेकाड असते. तिथे नांगर किंवा कुदळ चालवली की खापरांचा खच निघतो. ती खापरे पूड करण्यासाठी नेऊ नयेत. जोर्वे, नेवासे, दायमाबाद, पैठण, तेर या गावांचा जुना इतिहास अशाच खापरांतून कळला आहे. एखाद्या तुकड्यावर नक्षी दिसली, सबंध भांडे निघाले किंवा तोंडाला तोंड लावलेले दोन रांजण आढळले, तर तिथेच थांबावे आणि तलाठ्यामार्फत तहसील कचेरीला व पुरातत्त्व विभागाला कळवावे. तीन हजार वर्षांपूर्वी आपल्या लोकांनी लहान मुले अशा दोन कुंभांत घालून घराच्या जमिनीखाली पुरली होती, हे इनामगावच्या उत्खननात दिसले. अशा खापरावर हातोडा चालवायचा नसतो.

शेतकऱ्याने काय करावे

पूर्वी कुंभार बलुतेदार होता. वर्षभर मडकी पुरवायची आणि खळ्यावर पेंढी-पसा न्यायचा. तो व्यवहार आता राहिला नाही. पण माती शेताची, गाळ तळ्याचा आणि आग कुंभाराची, हे नाते अजून संपलेले नाही. दर भाजणीत काही भांडी फुटतात, आणि घरातल्या चार माणसांच्या महिन्याच्या कष्टांतला तेवढा भाग राखेत जातो. फूट थोडी जरी कमी झाली तरी त्या घराला तो उघड नफा असतो.

ज्यांना अधिक शिकायचे आहे त्यांनी खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या कुंभारकामाच्या प्रशिक्षणाची चौकशी जिल्ह्याच्या ग्रामोद्योग कचेरीत करावी. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती येथे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभ्या केलेल्या ग्रामोदय संघाने खेड्यातल्या कुंभारांना सुधारलेली माती, चाके आणि भट्ट्या यांचे शिक्षण देऊन मोठे काम केले. असे काम खेड्यात होऊ शकते, हे त्यातून दिसले.

आपल्याकडून होण्यासारखे काम साधे आहे. घरातला माठ फुटला, कौले उतरली, जुनी भिंत पाडली, तर तांबडी खापरे आणि विटांचे तुकडे एका कोपऱ्यात वेगळे ठेवावेत. बाजाराच्या दिवशी पाटीभर आपल्या कुंभाराकडे टाकावेत आणि चुन्याचा खडा कसा ओळखायचा तेही त्याला सांगावे. पुढच्या खेपेला त्याच्याकडून ठिपक्यांची एखादी कुंडी मागून घ्यावी आणि तिचे पैसे रोख द्यावेत.